पीयूषिका अर्बुदाच्या शस्त्रक्रियेतील शस्त्रक्रियाकालीन प्रतिमांकन : उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागे आणि जवळजवळ मध्यरेषेवर वाटाण्याएवढी एक ग्रंथी एका बारीक देठाला लोंबत असते. तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. शरीराची वाढ, अवटू व अधिवृक्क ग्रंथींचे कार्य, प्रजनन, दुग्धस्रवण आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण या सर्वांवर तिच्या स्रावांचे नियंत्रण चालते. पाठ्यपुस्तकांत तिला पीयूषिका म्हटले जाते. मराठी विश्वकोशाने ‘पोष ग्रंथि’ हे नाव स्वीकारले आहे. आणि रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व रुग्णाचे नातेवाईक हे सारे तिला पिट्यूटरी म्हणूनच ओळखतात. प्रस्तुत लेखात पीयूषिका हा शब्द योजला आहे.

या ग्रंथीत उद्भवणारी अर्बुदे दुर्मीळ नाहीत. कवटीच्या आतील अर्बुदांपैकी साधारण १० ते १५ टक्के अर्बुदे पीयूषिकेची असतात. त्यांतील बहुसंख्य सौम्य, म्हणजे दूरच्या अवयवांत न पसरणारी असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या वर्गीकरणात त्यांना ‘पीयूषिका चेता-अंतःस्रावी अर्बुद’ असे नाव दिले असले, तरी अ‍ॅडिनोमा हे जुने नाव व्यवहारात अद्याप रूढ आहे. येथे ‘सौम्य’ हा शब्द रुग्णाला दिलासा देणारा असला तरी काहीसा फसवाही आहे. अर्बुद सौम्य असूनही ते दृष्टी हिरावून घेऊ शकते, संप्रेरकांचा अतिरेक करून चेहरा, हातपाय व हृदय यांची विकृत वाढ घडवू शकते, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचा थोडासा अंश राहून गेला तर काही वर्षांनी पुन्हा वाढू शकते.

हा ‘राहून गेलेला अंश’ हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. शस्त्रक्रिया चालू असताना, रुग्ण भुलीखाली असतानाच, आत किती अर्बुद शिल्लक आहे हे कसे कळावे, या प्रश्नाला गेल्या शतकभरात निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यांपैकी शस्त्रक्रियागृहातील एमआरआय हे सर्वांत खर्चिक आणि सर्वांत चर्चिले गेलेले उत्तर होय. त्याचे कार्य, त्यावरील आकडेवारी आणि ती आकडेवारी वाचताना घ्यावयाची काळजी यांचा येथे विचार केला आहे.

ग्रंथीचे स्थान आणि त्यातून येणारी अडचण

पीयूषिका ही कवटीच्या तळाच्या जतूकास्थीतील एका खोलगट खाचेत बसलेली असते. खाचेचा आकार तुर्की घोडेस्वारांच्या खोगिरासारखा दिसला म्हणून जुन्या शरीररचनाशास्त्रज्ञांनी तिला ‘तुर्की खोगीर’ असेच नाव दिले. खोगिराच्या खाली जतूकास्थीतील हवेची पोकळी आणि तिच्या पुढे नाक असते. म्हणजे नाकपुडीतून सरळ मागे गेल्यास ग्रंथीच्या तळापर्यंत पोचता येते. मेंदूला स्पर्श न करता मेंदूच्या तळाशी जाण्याचा हा मार्ग निसर्गाने जणू मोकळा ठेवला आहे.

परंतु वाट अरुंद आहे आणि शेजार धोक्याचा आहे. खोगिराच्या दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस या नावाने ओळखले जाणारे शिरांचे जाळे असते. त्यातून मेंदूला रक्त पुरवणारी ग्रीवा रोहिणी वळणे घेत जाते आणि डोळ्यांची हालचाल करणाऱ्या तंत्रिकाही तेथूनच जातात. खोगिरावर दृढतानिकेचा एक पातळ पडदा छतासारखा ताणलेला असतो. त्याच्या वर काही मिलिमीटर अंतरावर दोन्ही डोळ्यांच्या दृक्-तंत्रिका एकमेकींत मिसळतात. अर्बुद वर वाढू लागले की ते या व्यत्यासाला खालून ढकलते. दोन्ही डोळ्यांच्या नासिकेकडील पटलार्धांतून येणारे तंतू तेथे एकमेकांना छेदून जात असल्याने प्रथम तेच दाबले जातात आणि रुग्णाला दोन्ही बाजूंच्या कडेचे दिसेनासे होते. समोरचा फळा दिसतो, पण शेजारून येणारी सायकल दिसत नाही. अनेक रुग्णांना हे ध्यानात येण्यास महिने लागतात आणि चष्म्याचा क्रमांक बदलण्यात मधला काळ जातो.

शस्त्रक्रियेतील मुख्य अडचण या छतामुळेच निर्माण होते. मोठे अर्बुद छताला वर फुगवते. शल्यविशारद खालून अर्बुद पोखरू लागला की वरचा ताण कमी होतो आणि छत खाली उतरते. ते सर्व बाजूंनी सारखे उतरले तर ते शुभचिन्ह मानले जाते, कारण वरचे अर्बुद त्याच्यासोबत खाली आलेले असते. परंतु पावसाचे पाणी साचलेला मांडवाचा कापडी छत जसा एकाच बाजूने लोंबतो, तसे ते पुष्कळदा मध्यभागी आधी उतरते. मग कडेच्या घड्यांमध्ये अडकलेले अर्बुद त्याच्या आड लपते. खालून पाहणाऱ्याला स्वच्छ, स्पंदन पावणारा पडदा दिसतो आणि काम पूर्ण झाल्याचा भास होतो.

अर्बुद या पडद्यांच्या आत आहे की पडदा भेदून पलीकडे गेले आहे, यावर शस्त्रक्रियेचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून डॉ. अतुल गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ११८ अतिविशाल पीयूषिका अर्बुदांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच तत्त्वावर आधारलेला होता. अर्बुदाच्या केवळ आकारमानावरून श्रेणी न ठरवता त्याने कोणता पडदा उचलला आहे आणि कोणता भेदला आहे, यावरून त्यांनी चार श्रेणी केल्या. छताखाली राहिलेले अर्बुद कितीही उंच गेले असले, तरी नाकाच्या वाटेने काढता येण्याची शक्यता असते; छत भेदून मेंदूच्या रक्तवाहिन्यांना वेढणारे अर्बुद ही सर्वस्वी निराळी समस्या असते.

पाहण्याच्या साधनांचा इतिहास

पीयूषिका शस्त्रक्रियेचा इतिहास हा बव्हंशी उजेडाचा आणि दृष्टीचा इतिहास आहे. हर्मन श्लोफर यांनी १९०७ च्या मार्च महिन्यात इन्सब्रुक येथे जतूकास्थीच्या मार्गाने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर व्हिएन्नामध्ये ऑस्कर हिर्श यांनी नाकातून जाण्याची, तर अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून जाण्याची पद्धत विकसित केली. कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात २३१ रुग्णांवर या मार्गाने शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतील मृत्युप्रमाण ५.६ टक्के होते. प्रतिजैविके व संप्रेरकांची भरपाई उपलब्ध नसतानाच्या काळातील हा आकडा आहे, हे लक्षात घेता तो विस्मयकारक म्हणावा लागेल. तरीही कुशिंग यांनी पुढे हा मार्ग सोडला आणि ते कवटी उघडून वरून जाऊ लागले. वरून गेल्यास दृक्-तंत्रिका डोळ्यांना प्रत्यक्ष दिसत होत्या. खालून जाताना अंधाऱ्या बोगद्याच्या टोकाशी काय चालले आहे याचा अंदाजच बांधावा लागत होता. कुशिंग यांच्या मागोमाग जगातील बहुतेक शल्यविशारदांनी नाकाची वाट सोडून दिली.

ती टिकली ती एका शिष्यामुळे. एडिंबरोचे नॉर्मन डॉट हे कुशिंग यांच्याकडे शिकले होते आणि त्यांनी हा मार्ग सोडला नाही. १९५६ मध्ये पॅरिसचे जेरार गियो यांनी डॉट यांची शस्त्रक्रिया पाहिली आणि ती पद्धत फ्रान्समध्ये नेली. गियो यांनी तिला शस्त्रक्रिया चालू असतानाच्या क्ष-किरण दर्शनाची जोड दिली. पडद्यावर बाजूने दिसणाऱ्या कवटीच्या प्रतिमेत हत्याराचे टोक खोगिराच्या नेमके कोठे आहे, हे प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. मेंदूभोवतीच्या पोकळ्यांत थोडी हवा भरून अर्बुदाचा वरचा काठ त्या हवेच्या पार्श्वभूमीवर ओळखण्याची युक्तीही त्या काळात योजली गेली. शस्त्रक्रियाकालीन प्रतिमांकनाचा प्रारंभ येथे झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. गियो यांच्याकडे शिकलेल्या जूल्स हार्डी यांनी १९६० च्या दशकात माँट्रियल येथे क्ष-किरण दर्शनाला शस्त्रक्रिया-सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. १० मिलिमीटरहून लहान अर्बुद वेचून काढून निरोगी ग्रंथी शाबूत ठेवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र क्ष-किरण हाडे दाखवतात, मऊ ऊती दाखवत नाहीत. बाजूने घेतलेल्या प्रतिमेत वर-खाली समजते. डावे-उजवे समजत नाही. ग्रीवा रोहिणी तर डाव्या-उजव्या बाजूंनाच असते. ही उणीव पुढे संगणकीय मार्गदर्शन प्रणालीने बरीचशी भरून काढली. शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेल्या सीटी व एमआरआय प्रतिमा संगणकात भरून, रुग्णाच्या डोक्याशी त्यांची सांगड घालून हत्याराचे टोक त्या प्रतिमांवर दाखवले जाते. कवटीचा तळ हाडाचा असल्याने शस्त्रक्रियेदरम्यान तो हलत नाही, त्यामुळे वाट शोधण्यास ही प्रणाली उत्तम ठरते. पण तिच्यातील नकाशा आदल्या दिवसाचा असतो. अर्बुद काढले गेल्यावरही पडद्यावर ते जसेच्या तसे दिसत राहते.

१९९० च्या दशकात पिट्सबर्ग, नेपल्स, बोलोन्या आदी ठिकाणच्या गटांनी नाकातून एंडोस्कोप घालून संपूर्ण शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली. सूक्ष्मदर्शकाचा डोळा रुग्णाच्या नाकाबाहेर असतो, तर एंडोस्कोपचा डोळा खोगिराच्या तोंडाशी असतो. शिवाय ३० किंवा ४५ अंशांत वळलेल्या भिंगाने कोपऱ्यांत डोकावता येते. आज जगातील बहुतेक मोठ्या केंद्रांत हीच पद्धत मुख्य आहे. तथापि एंडोस्कोपही पृष्ठभागच दाखवतो. घडीच्या आत किंवा पडद्याच्या पलीकडे काय आहे, हे त्याला दिसू शकत नाही.

शस्त्रक्रियागृहातील एमआरआय

एमआरआयचे तत्त्व सर्वपरिचित आहे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी चेतवले जाते. ती मूळ स्थितीत परतताना जे संकेत देतात, त्यांपासून प्रतिमा तयार होते. निरनिराळ्या ऊतींमधील अणुकेंद्रे निरनिराळ्या वेगाने परततात, म्हणून अर्बुद, ग्रंथी, तंत्रिका व द्रव यांच्या छटा वेगळ्या येतात. क्षेत्र जितके प्रबळ, तितका संकेत स्पष्ट आणि प्रतिमा रेखीव, असा सर्वसाधारण नियम आहे.

असे यंत्र शस्त्रक्रियागृहात आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात १९९० च्या दशकाच्या मध्यास झाला. तेथील ०.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्रात दोन उभ्या चुंबकवलयांमध्ये अंतर ठेवलेले होते आणि शल्यविशारद त्या फटीत उभे राहून काम करीत. कल्पना धाडसी होती, परंतु प्रत्येक हत्यार चुंबकाशी अविरोधी हवे आणि कोपर हलवायलाही जागा अपुरी, अशी स्थिती होती. त्यानंतर निरनिराळ्या दिशांनी प्रयत्न झाले. जर्मनीतील एर्लांगेन येथे रुडॉल्फ फाल्बुश यांच्या गटाने आधी ०.२ टेस्लाचे आणि २००२ पासून १.५ टेस्लाचे यंत्र वापरले. तेथे रुग्णाचे टेबलच फिरवून यंत्रात नेले जाई. कॅनडातील कॅल्गरी येथे उलट मार्ग निवडला गेला : रुग्ण जागेवरच राहतो आणि छतावरील रुळांवरून चुंबक त्याच्याकडे येतो. इस्राएलमध्ये मोशे हदानी यांच्या गटाने टेबलाखाली मावणारे, केवळ ०.१२ टेस्लाचे छोटे यंत्र वापरून पाहिले. लहान यंत्र स्वस्त आणि सोयीचे असते, पण त्याच्या प्रतिमा धूसर येतात. अंगण आणि घर यांच्यातील हा जुनाच सौदा येथेही सुटला नाही. आता १.५ आणि ३ टेस्लाची यंत्रे अधिक प्रचलित आहेत.

प्रत्यक्ष क्रम पुढीलप्रमाणे असतो. रुग्णाचे डोके धातुविरहित चौकटीत बसवले जाते आणि संकेतग्राहक वेटोळे त्याच्याभोवती असते. नेहमीच्या पद्धतीने अर्बुद काढले जाते. आता काही शिल्लक नाही, किंवा आणखी काढणे धोक्याचे आहे, असे शल्यविशारदाला वाटले की तो थांबतो. रक्तस्राव पूर्ण थांबवला जातो, पोकळी धुतली जाते, हत्यारांची मोजणी होते, निर्जंतुक आच्छादन घातले जाते आणि रुग्ण यंत्रात जातो. उभ्या छेदाच्या आणि बाजूच्या छेदाच्या, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या प्रतिमा घेतल्या जातात. या साऱ्यामुळे शस्त्रक्रियेचा कालावधी साधारण अर्ध्या तासापासून तासाहून अधिक वाढतो.

मोजणीचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. त्यात विसरलेली कात्री ही बंदुकीच्या गोळीसारखी वागते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर हाती असलेला एक तरुण नातेवाईक एमआरआय यंत्राकडे खेचला जाऊन मृत्युमुखी पडला. तो साध्या तपासणीचा कक्ष होता. शस्त्रक्रियागृहात तर शेकडो धातूच्या वस्तू, भुलीचे यंत्र, पंप आणि डझनभर माणसे असतात. म्हणून जमिनीवर सुरक्षिततेची रेषा रंगवलेली असते, मोजणी दोघांनी करावयाची असते आणि एक व्यक्ती केवळ हेच पाहण्यासाठी नेमलेली असते. भूलतज्ज्ञाचे कामही अवघड होते, कारण रुग्ण यंत्राच्या आत असताना त्याच्या श्वासनलिकेतील नळीपर्यंत हात पोचत नाही. हृदयालेखाच्या तारेचे वेटोळे राहिले तर त्वचा भाजण्याची शक्यता असते.

प्रतिमा वाचण्यातील अडचणी

यंत्रातून येणारी प्रतिमा आपोआप बोलत नाही. अर्बुद काढल्यानंतरच्या पोकळीत रक्त, खारे पाणी, हवेचे बुडबुडे आणि रक्त थांबवण्यासाठी ठेवलेला पदार्थ असतो. ताजे रक्त आणि अर्बुद यांच्या छटा काही प्रतिमाप्रकारांत जवळजवळ सारख्या येतात. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टोचल्यास निरोगी ग्रंथी व कॅव्हर्नस सायनस अर्बुदापेक्षा अधिक उजळतात, हे शस्त्रक्रियेपूर्वी उपयोगी पडते. शस्त्रक्रियेनंतर मात्र दुखावलेल्या कडाही ते द्रव्य शोषून घेतात आणि पोकळीभोवती एक उजळ वलय दिसू लागते. ते अर्बुद की केवळ जखम, असा पेच पडतो. यासाठी अनेक केंद्रांत द्रव्य टोचण्यापूर्वी टी-२ प्रकारच्या प्रतिमा घेतल्या जातात. त्यांत द्रव शुभ्र दिसतो, अर्बुद करड्या छटेत उठून दिसते आणि दृक्-तंत्रिकांचा व्यत्यास मोकळा झाला की नाही, हे स्पष्ट कळते. शस्त्रक्रियेआधी त्याच यंत्रावर, त्याच छेदांत घेतलेल्या प्रतिमा शेजारी ठेवूनच निर्णय करावा लागतो. कमी क्षमतेच्या यंत्रांवर ‘शिल्लक दिसते’ म्हणून पुन्हा आत जावे आणि रक्ताच्या गुठळीखेरीज काहीच सापडू नये, असे प्रसंग नोंदले गेले आहेत.

कुशिंग रोगातील अर्बुदांच्या बाबतीत एमआरआयची मर्यादा अधिकच जाणवते. ही अर्बुदे पुष्कळदा दोन-तीन मिलिमीटरचीच असतात आणि सुमारे ४० टक्क्यांपर्यंत रुग्णांत ती शस्त्रक्रियेपूर्वीच्या उत्तम एमआरआयमध्येही दिसत नाहीत. जे आधीच दिसले नाही, ते राहिले की गेले हे शस्त्रक्रियागृहातील प्रतिमेवरून ठरवणे अशक्य असते. तेथे खरा निवाडा रक्तातील कॉर्टिसोलच्या पुढील काही दिवसांतील पातळीवरून होतो. अर्थात शस्त्रक्रियाकालीन एमआरआयचा उपयोग मुख्यतः मोठ्या, आणि त्यातही संप्रेरक न स्रवणाऱ्या अर्बुदांत आहे.

आकडे कसे वाचावेत

एर्लांगेनच्या गटाने २००१ मध्ये ०.२ टेस्लाच्या यंत्रावरील ४४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात अर्बुद पूर्णपणे निघण्याचे प्रमाण प्रतिमांकनामुळे ४३ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले. याच गटाचा २००६ मधील १.५ टेस्लावरील अभ्यास अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. संप्रेरक न स्रवणारी मोठी अर्बुदे असलेल्या १०६ रुग्णांपैकी ८५ जणांत संपूर्ण अर्बुद काढण्याचा संकल्प होता. शल्यविशारद थांबल्यानंतर घेतलेल्या प्रतिमांत ३६ रुग्णांमध्ये अर्बुद शिल्लक आढळले. त्यांपैकी २९ जणांत शस्त्रक्रिया पुढे चालू ठेवली गेली आणि २१ जणांत ते पूर्ण निघाले. म्हणजे पूर्ण यश ४९ रुग्णांवरून ७० रुग्णांवर, ५८ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर पोचले.

२१ माणसांची दुसरी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार कदाचित टळले, ही क्षुल्लक बाब नव्हे. तरीही या आकड्यांतून ‘एमआरआयमुळे यश २४ टक्क्यांनी वाढते’ असा थेट निष्कर्ष काढता येत नाही. येथे तुलना एकाच रुग्णाच्या दोन क्षणांमध्ये आहे : प्रतिमेपूर्वीचा क्षण आणि नंतरचा क्षण. पहिल्या क्षणी थांबणाऱ्या शल्यविशारदाला ठाऊक असते की थोड्या वेळात प्रतिमा येणार आहे आणि गरज पडल्यास पुन्हा आत जाता येणार आहे. खाली जाळी बांधलेली असेल तर दोरीवर चालणारा निराळ्या तऱ्हेने पावले टाकतो. यंत्र नसते तर तोच शल्यविशारद कदाचित आणखी दहा मिनिटे कोपऱ्यांत शोधत राहिला असता. त्यामुळे ५८ टक्के हा यंत्राशिवायचा खरा आकडा आहे, असे मानण्यास आधार नाही. दुसरे असे की यातील बरीच कामगिरी सूक्ष्मदर्शकाच्या काळातील आहे. वळलेल्या भिंगाच्या एंडोस्कोपने त्यांतील काही अवशेष आधीच दिसले असते. एंडोस्कोपनंतरही एमआरआयमध्ये अवशेष सापडतात, असे अनेक केंद्रांनी दाखवले आहे. लाभाचे प्रमाण मात्र केंद्रागणिक बरेच बदलते.

यादृच्छिक विभागणीने केलेली चाचणी हा अशा शंकांवरचा मान्य उपाय होय. मेंदूतील ग्लायोमा या अर्बुदाबाबत अशी एक चाचणी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथून २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एमआरआय वापरलेल्या २४ रुग्णांपैकी २३ जणांत, तर न वापरलेल्या २५ पैकी १७ जणांत अर्बुद पूर्ण निघाले. पीयूषिकेच्या क्षेत्रात मात्र उपलब्ध पुरावा बहुतांशी एकेका केंद्राच्या अनुभवमालिकांचा आहे. आणि एक प्रश्न उरतोच : ‘प्रतिमेत काही शिल्लक नाही’ हे रुग्णाचे साध्य आहे काय? रुग्णाला हवी असते दृष्टी, शाबूत संप्रेरके आणि पुन्हा शस्त्रक्रिया न होण्याची शक्यता. प्रतिमा ही त्याची केवळ एक खूण आहे.

पुढे जावे की थांबावे

वरील अभ्यासातील ३६ पैकी उरलेल्या सात रुग्णांकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. त्यांच्यात अर्बुद शिल्लक असल्याचे दिसले आणि तरीही शस्त्रक्रिया पुढे नेली गेली नाही. शस्त्रक्रियाकालीन प्रतिमांकनाचा सर्वांत नाजूक भाग येथेच आहे. यंत्र शिल्लक अर्बुद दाखवते. ते काढावे काय, हे सांगत नाही.

अवशेष छताच्या घडीत असेल आणि वाट मोकळी असेल, तर पुन्हा आत जाणे बहुधा योग्य ठरते. तो ग्रीवा रोहिणीच्या बाहेरच्या बाजूस, कॅव्हर्नस सायनसमध्ये असेल तर विचार बदलतो. रोहिणीला इजा होण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असले, तरी झाल्यास ती क्षणार्धात जीवघेणी ठरू शकते. तंत्रिका दुखावल्यास रुग्णाला एकाचे दोन दिसू लागतात. छत फाटल्यास मस्तिष्क-मेरुद्रव नाकातून गळतो आणि मस्तिष्कावरणाचा दाह संभवतो. ग्रंथीचे देठ दुखावल्यास मूत्राचे प्रमाण बेसुमार वाढते. याउलट सौम्य अर्बुदाचा छोटा अवशेष वर्षानुवर्षे शांत राहू शकतो आणि वाढलाच तर त्यावर केंद्रित किरणोपचार करता येतात. प्रतिमेतील पांढऱ्या ठिपक्याचा मोह हा खरा धोका आहे. तो दिसला नसता तर शांतपणे थांबलेला हात, तो दिसल्यामुळे पुढे सरसावतो. हात कधी आवरावा याचा अनुभव ज्याच्या गाठी नाही, त्याच्या हाती हे साधन दिल्यास हानीही संभवते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. संशय असलेल्या जागी आंधळेपणाने खरवडत राहण्यापेक्षा, ‘येथे काही नाही’ असे प्रतिमेने सांगितल्यावर थांबणे हे ग्रंथीच्या हिताचे असते. प्रतिमेमुळे कमी काढले गेले आणि ते योग्य होते, असे प्रसंग कोणत्याही टक्केवारीत दिसत नाहीत.

एमआरआयखेरीज अन्य साधने

एमआरआयची किंमत काही कोटी रुपयांच्या घरात जाते. त्यात चुंबकरोधक खोली, विशेष हत्यारे, भुलीची विशेष यंत्रे आणि देखभाल यांची भर पडते. साहजिकच स्वस्त पर्यायांचा शोध चालू आहे. त्यांत सोनोग्राफी सर्वांत आश्वासक वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील गटाने १९९५ मध्येच पीयूषिकेच्या छोट्या अर्बुदांचा सोनोग्राफीने शोध घेतल्याचे प्रसिद्ध केले होते. नंतर नाकाच्या अरुंद वाटेत मावतील असे बारीक, उच्च कंप्रतेचे शोधक तयार झाले. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील गटाचे काम या संदर्भात उल्लेखनीय आहे. सोनोग्राफी काही सेकंदांत, वारंवार आणि रुग्णाला न हलवता करता येते. ती वाहते रक्त दाखवते. डॉप्लर शोधकाने रोहिणीचा आवाज ऐकून तिची जागा निश्चित करणे ही तर आता अनेक ठिकाणी नित्याची बाब आहे. तिची प्रतिमा वाचणे मात्र सरावाचे काम आहे. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत मेंदूच्या अन्य अर्बुदांसाठी मार्गदर्शन प्रणालीशी जोडलेल्या त्रिमितीय सोनोग्राफीचा दीर्घ अनुभव जमा झाला आहे. महागडे चुंबक न आणताही शस्त्रक्रियाकालीन प्रतिमांकन गांभीर्याने करता येते, हे त्यावरून दिसून येते.

अर्बुदाच्या पेशींना चिकटून अवरक्त प्रकाशात चमकणारी रंजकद्रव्ये हा आणखी एक मार्ग आहे. संप्रेरक न स्रवणाऱ्या काही पीयूषिका अर्बुदांच्या पेशींवर फॉलेटचे ग्राहक विपुल असतात. त्यांना हेरणारे रंजक पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अभ्यासले गेले आहे. ते पृष्ठभाग उजळते. पडद्याआडचे दाखवत नाही. म्हणून ते एमआरआयला पर्याय ठरण्यापेक्षा पूरक ठरण्याची शक्यता अधिक आहे.

भारतीय संदर्भ

भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसह मोजक्याच केंद्रांत शस्त्रक्रियागृहातील एमआरआय आहे. पीयूषिका अर्बुदाचे बहुसंख्य रुग्ण मात्र अशा रुग्णालयांत येतात, जेथे तपासणीच्या एकमेव एमआरआयसाठीही रांग असते. त्यांतील पुष्कळ जण दृष्टी बरीच गेल्यावर येतात, त्यांची अर्बुदे मोठी असतात, म्हणजे तत्त्वतः या साधनाचा लाभ होऊ शकेल असा हाच वर्ग आहे. असे असूनही एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाने मर्यादित निधी प्रथम कोठे खर्चावा, असा प्रश्न विचारल्यास उत्तर चुंबकाच्या बाजूने येणे कठीण आहे. ज्या केंद्रात व ज्या हातांनी वर्षाला अधिक शस्त्रक्रिया होतात तेथे परिणाम चांगले येतात, हे या क्षेत्रात वारंवार दिसून आलेले आहे. एंडोस्कोप, डॉप्लर शोधक, संप्रेरक तपासणीची प्रयोगशाळा आणि जोडीला अनुभवी अंतःस्रावतज्ज्ञ यांवरील खर्च आधी यावा लागतो. दृष्टिक्षेत्राची वेळेवर तपासणी करणारा तालुक्याच्या गावचा नेत्रतज्ज्ञ हाही त्याच साखळीचा दुवा आहे.

जेथे यंत्र आहे, तेथे मात्र एक साधी पद्धत पाळता येण्याजोगी आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही. रुग्ण यंत्रात जाण्यापूर्वी शल्यविशारदाने आपला अंदाज लिहून ठेवावा : अर्बुद शिल्लक आहे की नाही, असल्यास कोणत्या बाजूस, आणि यंत्र नसते तर आपण येथेच थांबलो असतो काय. प्रतिमेनंतर घेतलेला निर्णय, त्याचे कारण, तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमधील स्थिती, दृष्टी व संप्रेरके यांची नोंद त्याच कागदावर व्हावी. जाळीमुळे पावले बदलतात, ही शंका अशा नोंदींनी पूर्ण मिटणार नाही, परंतु ती किती मोठी आहे हे मोजता येईल. आणि थांबण्याचा निर्णय घेतलेल्या त्या सात रुग्णांसारख्यांचे पुढे काय झाले, हेही कळू शकेल.